फोलेट: भाजी निवडण्यापासून गोळी सुरू करण्यापर्यंत

१९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या एका जीवघेण्या पंडुरोगाचं कारण तिला शोधायचं होतं. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर या बायका बऱ्या होतात, हे तिने दाखवलं आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कात गुण होता तो फोलेटचा. १९४१ मध्ये हेच द्रव्य पालकातून वेगळं काढलं गेलं आणि लॅटिनमधल्या 'फोलियम' म्हणजे पान या शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव मिळालं.

फोलेट म्हणजे ब-९ जीवनसत्त्व. नवी पेशी घडताना तिच्या डीएनएची जुळणी त्याच्याशिवाय होत नाही. म्हणून जिथे पेशी भराभर वाढतात तिथे, म्हणजे रक्तात आणि गर्भात, त्याची कमतरता आधी जाणवते. २०२०च्या भारतीय शिफारशींनुसार रोज स्त्रीला २२०, पुरुषाला ३०० आणि गरोदर स्त्रीला ५७० मायक्रोग्रॅम फोलेट लागतं.

आधी ताट बघा

आठवड्याचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. पालक, मेथी, चवळईसारखी पालेभाजी किती वेळा होते? चवळी, मूग, हरभरा, राजमा किती वेळा? शिजलेल्या चवळीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मायक्रोग्रॅम फोलेट असतं. शेंगदाणे, बीट, भेंडी, संत्रं, अंडं यांतूनही ते मिळतं. रोज एक कडधान्य आणि एक दिवसाआड पालेभाजी एवढी घडी बसली, तरी मोठं काम झालं. मूग-मटकीला मोड आणले तर आणखी चांगलं, कारण मोड येताना दाण्यातलं फोलेट वाढतं.

मग ते पातेल्यात सांभाळा

आपलं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही चांगल्या सवयींच्या नावाखाली. फोलेट पाण्यात विरघळतं, उष्णतेने आणि उजेडाने नासतं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, तर जवळजवळ निम्मं फोलेट त्याच्याबरोबर मोरीत जातं. तोच पालक थोडा वेळ नुसता वाफवला, तर फारसं काही जात नाही.

म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा; चिरलेली भाजी पाण्यात बुडवून ठेवू नका. मेथी कडू लागते म्हणून मीठ चोळून पिळायची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्या हिरव्या रसात कडूपणाबरोबर फोलेटही जातं. त्यापेक्षा मेथीत मूगडाळ घाला किंवा पीठ पेरा, कडूपणा सौम्य होतो. कडधान्य शिजवल्यावर वरचं पाणी टाकू नका, त्याची आमटी करा. आपलं अळूचं फदफदं मला या बाबतीत फार शहाणं वाटतं: पानं, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे एकत्र, आणि पाणी कुठेच टाकायचं नाही. भाजी झाकण ठेवून, लागेल तेवढीच शिजवा आणि पुन्हा पुन्हा गरम करू नका.

मूल हवं असेल तर गोळी आधी

गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. पाळी चुकली, चाचणी केली, डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर हे दिवस बहुतेक संपलेले असतात. नलिका नीट मिटली नाही, तर बाळाला पाठीच्या कण्याचं किंवा मेंदूचं गंभीर व्यंग राहू शकतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधी ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची रोजची गोळी सुरू करायची आणि गरोदरपणाचे पहिले तीन महिने घ्यायची.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणारी लोह आणि फॉलिक अॅसिडची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची असते. रक्त वाढवायला ती हवीच, पण नलिकेसाठी तिला उशीर झालेला असतो. घरात लग्न झालेली मुलगी किंवा सून असेल, तर ही गोष्ट तिला आजच सांगा.

दुकानात गोळी घेताना पट्टी वाचा. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते आणि ती ४०० मायक्रोग्रॅमच्या बारा पटींहून मोठी असते. आधीच्या बाळाला असं व्यंग असेल, तर डॉक्टर मुद्दाम मोठा डोस देतात. त्याचा उपयोग १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने सिद्ध केला. मनाने मात्र तो सुरू करू नये.

ब-१२ तपासून घ्या

ब-१२ हे जीवनसत्त्व प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नातच असतं, म्हणून शाकाहारी घरांत हे विशेष महत्त्वाचं. ब-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं, तर रक्ताचा अहवाल सुधारलेला दिसतो, पण नसांची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल, तर गोळीआधी ही तपासणी करा. फिटची औषधं किंवा मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांवरचं औषध) चालू असेल, तर फॉलिक अॅसिड किती आणि कोणत्या दिवशी घ्यायचं, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.