काव्यनाम घेताय? आधी हे करून पाहा

टोपणनाव लोक ठेवतात, काव्यनाम आपलं आपण घेतो. म्हणून ‘हेच का?’ याचं उत्तर आधी स्वतःजवळ हवं. ते एका वाक्यात लिहून काढा. दोन-तीन वाक्यं लागत असतील तर नाव अजून सापडलेलं नाही. ‘तेजस’, ‘स्पंदन’ वगैरे इथेच गळतात. अर्थ चांगला, पण तो कुणालाही चालेल असा.

शोध घरापासून सुरू करा. केशवसुतांनी वडिलांचं नाव घेतलं, कुसुमाग्रजांनी बहिणीचं. नागपूरच्या माणिक गोडघाटे यांनी मात्र थेट ‘ग्रेस’ हा इंग्रजी शब्द उचलला, आणि तो मराठी होऊन गेला.

समजा, काटोलकडच्या बागाईतदाराच्या लेकीला ‘आंबिया’ हे नाव सुचलं. संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण देतात, मग जानेवारी-फेब्रुवारीत फूल धरतं, तो आंबिया बहार. तिचं वाक्य तयार आहे: ‘मी ताणानंतर फुलले.’ पुण्याचा वाचक त्यात आंबा शोधेल. शोधू द्या, अर्थ सगळ्यांना सांगितलाच पाहिजे असं नाही.

आता नाव वापरून बघा. गझल लिहीत असाल तर मक्त्यात, म्हणजे कवीचं नाव येणाऱ्या शेवटच्या शेरात, ते वृत्तात बसायला हवं. ‘आंबिया’ म्हणजे गालगा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघू). देवप्रिया वृत्ताची ओळ गालगावरच संपते, तिथे ते आयतं बसतं. ‘आंबियाला’ केलं की गालगागा, तेही त्याच वृत्तात चालतं. ‘मृग’ घेतलं तर अडचण: एकटं असताना दोन लघू, ‘मृगाला’ म्हटलं की लगागा. रूपागणिक नावाचं वजन बदलतं आणि मक्ता ओढूनताणून लिहिल्यासारखा वाटतो. म्हणून -ने, -ला, -चा लावून प्रत्येक रूपाच्या मात्रा मोजाच.

मग नागपूरच्या बर्डी बाजारासारख्या गर्दीत मित्राला हाक मारायला सांगा: ‘काय गा आंबिया!’ मान वळली नाही तर महिनाभर थांबा. हसू आलं तर नाव सोडा. फोनवर एकदा सांगून समोरच्याने काय लिहून घेतलं तेही बघा, कारण आंबियाचं अंबिका सहज होतं.

ते आधी कुणी घेतलंय का, हे जुने दिवाळी अंक चाळून तपासा. दोन कवींचं एक नाव झालं की नवख्याच्या कविता जुन्याच्या खात्यावर जमा होतात.

काव्यनामासाठी राजपत्र (सरकारी गॅझेट) लागत नाही. कागदोपत्री नाव बदलायचं असेल तरच त्या वाटेला जा. एक बारीक गोष्ट: अशा घेतलेल्या नावाने छापलेल्या साहित्याचा कॉपीराइट प्रकाशनापासून 60 वर्षं धरतात, त्या मुदतीत लेखकाची ओळख उघड झाली तर त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं.

कविता पाठवताना खाली काव्यनाम लिहा, सोबतच्या पत्रात बँकेतलं नाव. नाहीतर मानधनाचा चेक ‘आंबिया’च्या नावाने येतो आणि तसाच फाईलमध्ये पडून राहतो.