व्हॉल्यूम लॅशेस लावताना आधी हवा बघा, मग फॅन उचला

व्हॉल्यूम लॅशेस म्हणजे बारीक कृत्रिम केसांचे छोटे पंखे (‘फॅन’) पापणीच्या एकेका केसावर ग्लूने चिकटवणं. ते लावायला बसण्याआधी खोलीतली हवा बघा. हा ग्लू सायनोअॅक्रिलेटचा असतो आणि तो हवेतल्या ओलाव्यावर वाळतो. बहुतेक ग्लूंना ४५ ते ६० टक्के आर्द्रता आणि २० ते २४ अंश तापमान मानवतं. नेमका आकडा बाटलीवर बघावा. एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीकडे पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडीठाक होते आणि ग्लू ओलाच राहतो. मग शेजारचे केस एकमेकांना चिकटतात. कूलरने ओलावा मिळतो, फक्त त्याचा झोत चेहऱ्यावर नको. श्रावणात उलटं. फॅन केसापर्यंत पोचेस्तोवर ग्लू आळतो आणि लॅशेस लवकर गळतात. तेव्हा एसी ‘ड्राय’वर ठेवा किंवा सावकाश वाळणारा ग्लू घ्या. भिंतीवर हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) हवाच.

आदल्या दिवशी: किमान २४ तास आधी पॅच टेस्ट करा, म्हणजे थोडा ग्लू लावून त्रास होतो का ते बघा. लगीनसराईत नवरीकडची माणसं “आजच करून द्या ना ताई” म्हणतात, तरी टेस्ट टाळू नका. पापण्या सुजल्या तर लग्नाचे फोटो कायमचे तसेच राहतात.

तयारी: काजळ आणि तेलाचा अंश क्लीन्झरने पूर्ण काढा. खालच्या पापण्या जेल पॅडखाली झाका. पॅडची कड डोळ्याला टोचता कामा नये. काम संपेपर्यंत डोळे मिटलेले हवेत.

जाडी ठरवा: कृत्रिम केसाचं वजन जाडीच्या वर्गाच्या (जाडी गुणिले जाडी) प्रमाणात वाढतं, म्हणून ०.०५ मिमीचे पाच केस मिळूनही ०.१५ च्या एका क्लासिक (एकेकटा लावायच्या) केसापेक्षा हलके भरतात. ०.०७ चे पाच मात्र त्याहून जड होतात. नाजूक पापणीला ०.०५ चा ३डी (तीन केसांचा फॅन) पुरे. गिऱ्हाईक कितीही गच्च मागो, पापणीला पेलेल तेवढंच द्या.

फॅन बनवा: खरं कसब इथे आहे. कृत्रिम केसांच्या स्ट्रिपवरचे तीन-चार केस ट्वीझरच्या टोकात धरा, किंचित डावी-उजवीकडे हलवा, टोकं उघडतात. मुळं एकत्र ठेवूनच ओढून घ्या. बूड अरुंद आणि टोकं सारख्या अंतरावर असली तरच तो फॅन वापरा. बूड ग्लूमध्ये एक-दोन मिलिमीटर बुडवून सावकाश बाहेर काढा. झटक्यात काढलं तर बुडाला ग्लूची गोळी येते आणि फॅन मिटतो. ग्लूचा थेंब वीस-तीस मिनिटांनी बदला, उन्हाळ्यात कूलरसमोर बसला असाल तर त्याआधीच.

लावा: डाव्या हातातल्या ट्वीझरने पापणीचा एकच केस वेगळा करा. फॅन त्वचेपासून अर्धा ते एक मिलिमीटर सोडून टेकवा, बूड केसाला बिलगू द्या आणि क्षणभर थांबून मगच सोडा. नुकत्या उगवलेल्या कोवळ्या केसांना हात लावू नका. त्यांना भार पेलवत नाही. एकाच डोळ्यावर सलग बसण्यापेक्षा दोन्हीकडे आलटून पालटून लावा, म्हणजे ग्लूला वाळायला वेळ मिळतो. शेवटी मुळांशी ट्वीझर फिरवून चिकटलेले केस शोधून सोडवा.

घरी जाताना सांगायचं ते एवढंच: हळद तेलात कालवलेली असते, तेव्हा ती डोळ्यांपासून लांब ठेवा. डोक्याला तेल लावताना कपाळावर ओघळ येऊ देऊ नका. लॅशेस रोज धुवून ब्रशने विंचरा. दोन-तीन आठवड्यांनी रिफिलला (गळालेल्या जागी नवे लावायला) या. सैल झालेला फॅन हाताने ओढू नका. त्यासोबत स्वतःचा केसही मुळासकट येतो.