पिनकोडवरून शिका: मोठी संख्या कशाकशाने भागली जाते ते कसं शोधायचं

मोठी संख्या दिसली की हात लगेच कॅल्क्युलेटरकडे जातो, पण ती कशाने भागली जाते, मूळ संख्या आहे का (म्हणजे 1 आणि स्वतः सोडून कशानेच भागली न जाणारी), यातलं बरंच काही तोंडी करता येतं. सरावाला आपल्या गोव्याचे पिनकोड घ्या, सगळ्यांना पाठ असतात: पणजी 403001, म्हापसा 403507, मडगाव 403601, वास्को 403802, फोंडा 403401.

आधी सोपं उरकायचं. शेवटचा आकडा सम असला तर 2 ने भाग जातो, म्हणजे वास्को सम. 0 किंवा 5 असला तर 5 ने, तसा यात कोणी नाही. मग आकड्यांची बेरीज करा. फोंड्याची येते 12, म्हणजे 3 ने भाग जातो, 9 ने नाही.

आता 7, 11 आणि 13. या तिघांसाठी एकच कसोटी पुरते आणि मला ती सगळ्यात आवडते, शाळेत पोरांना ती आवर्जून शिकवायला हवी. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा आणि वजाबाकी करा. म्हापसा: 507 − 403 = 104, आणि 104 म्हणजे 13 × 8, म्हणून म्हापशाला 13 ने भाग जातो. मडगाव: 601 − 403 = 198, 11 ने जातो. वास्को: 802 − 403 = 399, 7 ने जातो. तीन शहरं आणि तिघांना तीन वेगळे भाजक, किती सुंदर जमलंय बघा!

हे चालतं कारण 7 × 11 × 13 = 1001. 403507 म्हणजे 403 × 1000 + 507, आता 1000 च्या जागी 1001 − 1 लिहा, 403 × 1001 हा भाग तिघांनीही भागला जातो, मग बघायचं उरतं फक्त 507 − 403.

पणजीला यातलं काहीच लागू होत नाही. मग 17, 19, 23 असं एकेका मूळ संख्येने भागत जायचं, पण कुठपर्यंत? वर्गमूळापर्यंत, कारण संख्येचे दोन अवयव पडले तर त्यातला एक तरी वर्गमूळाच्या आत असणारच. 635 चा वर्ग 403225, म्हणजे 634 पर्यंत बघितलं की झालं. तिथपर्यंत 115 मूळ संख्या आहेत, वेळ लागतो पण वहीवर करून बघाच, एकानेही भाग जात नाही. पणजीचा पिनकोड मूळ संख्या आहे!

फोंडा मात्र सुटतो: 3 × 47 × 2861, तिन्ही मूळ. अवयव कळले की विभाजक किती ते लगेच निघतं, प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून 2 × 2 × 2 = 8. अवयव परत आला असता, समजा 3 दोनदा, तर त्याच्यासाठी 2 ऐवजी 3 ने गुणायचं.

संख्या सहा आकड्यांहून मोठी असेल तर तेच तीन-तीनचे गट, फक्त उजवीकडून एक अधिक, एक वजा, परत अधिक असं करत जायचं.