अंडाशयाची बॉर्डरलाइन गाठ: निदान आणि उपचारांत या चुका टाळा

अंडाशयाच्या बॉर्डरलाइन गाठीत पेशींची वाढ बेताल असते, केंद्रकेही थोडी विकृत दिसतात. मात्र कर्करोगात घुसतात तशा या पेशी आधारऊतीत (अस्तराखालच्या आधार देणाऱ्या थरात) घुसत नाहीत. हा फरक सूक्ष्मदर्शकाखालीच ठरतो, आणि बहुतेक चुका तो ठरण्याआधी घाई केल्याने होतात.

सीए-१२५ या रक्ततपासणीचा आकडा नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होणे ही त्यांतली नेहमीची चूक. गाठ असूनही तो नॉर्मल असू शकतो, उलट एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारात) किंवा नुसत्या मासिक पाळीतही वाढतो. सोनोग्राफीत सिस्टच्या (द्रवाने भरलेल्या गाठीच्या) आतल्या भिंतीवर अंकुरासारखे उंचवटे दिसत असतील, तर सुईने पाणी काढून तपासण्याचा मोह टाळावा. त्यातून खात्रीचे निदान होत नाही आणि पेशी पोटात सांडण्याची भीती मात्र राहते. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतानाही गाठ शक्यतो अखंड, पिशवीत घालूनच बाहेर काढावी, कारण ती फुटली की पहिल्याच टप्प्यातला आजार ‘आयए’ऐवजी ‘आयसी’ या वरच्या उपटप्प्यात गणला जातो.

सर्वांत महागात पडते ते फ्रोझन सेक्शनला (शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवलेल्या तुकड्यांच्या झटपट तपासणीला) अंतिम शब्द मानणे. वीस सेंटिमीटरची म्युसिनस (चिकट स्राव असलेली) गाठ डोळ्यांसमोर आणा: एका कप्प्याचे अस्तर साधे, शेजारचे बॉर्डरलाइन, आणि त्यापलीकडे कुठेतरी कर्करोगाचा लहानसा भाग. शस्त्रक्रिया थांबवून पॅथॉलॉजिस्टला तपासता येतात ते मोजकेच तुकडे. अंतिम तपासणीत मात्र गाठीच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे किमान एक, आणि मोठ्या म्युसिनस गाठीत दोन तुकडे घेण्याची पद्धत आहे. म्हणून अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीची दोन्ही अंडाशये केवळ फ्रोझनच्या भरवशावर काढू नयेत. नंतर दुसरी शस्त्रक्रिया करता येते, काढलेले अंडाशय परत बसवता येत नाही. शंका असल्यास ब्लॉक आणि स्लाइड (गाठीचे जतन केलेले तुकडे व काचपट्ट्या) स्त्रीरोग-कर्करोगाच्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवावेत. म्युसिनस गाठ दोन्ही बाजूंना असेल, तर मूळ आजार अपेंडिक्स किंवा आतड्यात नाही ना, हेही पाहावे लागते.

फक्त सिस्ट काढल्यास गाठ पुन्हा होण्याची शक्यता पूर्ण अंडाशय काढण्यापेक्षा अधिक असते. सिरस (पाण्यासारखा स्राव असलेल्या) प्रकारात ती बहुधा पुन्हा बॉर्डरलाइनच निघते, त्यामुळे जननक्षमतेसाठी हा धोका पत्करता येतो. म्युसिनस प्रकारात त्या बाजूचे अंडाशय नळीसह काढणे अधिक सुरक्षित. सरसकट लसिकाग्रंथी काढण्याची गरज नसते.

‘ट्यूमर’ शब्द ऐकताच केमोथेरपीची मागणी होते, पण बॉर्डरलाइन गाठीत तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. पोटातल्या आवरणावर पसरलेले गाठीचे ठिपके खालच्या ऊतीत घुसलेले आढळले, तर गोष्ट वेगळी: २०१४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणापासून त्यांना लो-ग्रेड (संथ वाढणारा) सिरस कर्करोग मानले जाते.

शेवटची चूक पाच वर्षांनी तपासणी सोडून देण्याची. ही गाठ दहा वर्षांनंतरही पुन्हा उद्भवू शकते, विशेषतः राखलेल्या अंडाशयात. तेव्हा जुना हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या ऊतीच्या तपासणीचा) रिपोर्ट जपून ठेवावा आणि सोनोग्राफीला जाताना सोबत न्यावा.