गीतमालेची संध्याकाळ घरी कशी उभी करावी

बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लावून बसणारी पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. त्या पिढीतील कोणाची पंचाहत्तरी असली, म्हणजे घरातील तरुण मंडळी हौसेने जुन्या गाण्यांची यादी मोबाईलवर तयार करतात. पहिली चार-पाच गाणी कौतुकाने ऐकली जातात, आणि मग गप्पा रंगून गाणी मागे पडतात. गाणी तीच असतात, आवाज पूर्वीपेक्षा स्वच्छ असतो. पण पुढचे गाणे कोणते आणि ते कितव्या पायरीवर आहे, ही हुरहूर त्यात कुठेच नसते. ‘बिनाका गीतमाला’ हा सिलोनवरील हिंदी चित्रपटगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम ऐकणारा माणूस आठवडाभर वाट पाहत असे ती त्या हुरहुरीची. म्हणून घरी अशी संध्याकाळ करायची असेल, तर गाणी गोळा करण्याइतकेच कष्ट क्रम लपवून ठेवण्यावर आणि दोन गाण्यांच्या मध्ये बोलायच्या शब्दांवर घ्यावे लागतात.

मूळ कार्यक्रम समजून घेणे

गीतमाला सुरू झाली ती ३ डिसेंबर १९५२ रोजी. त्याच वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान मिळावे, अशी त्यांची तळमळ होती आणि चित्रपटगीतांना त्यांच्या कारकिर्दीत तेथे फारसा थारा उरला नाही. श्रोते सिलोनकडे वळले ते त्यामुळे. कोलंबोच्या केंद्राकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक होते आणि त्यांच्या लघुलहरी (शॉर्ट वेव्ह) भारतभर पोहोचत. कार्यक्रम मात्र मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तेथून त्या प्रक्षेपित होत. सिबा या स्विस कंपनीच्या बिनाका टूथपेस्टची ही जाहिरात होती, आणि विशीच्या उंबरठ्यावरचे अमीन सयानी हे तिचे निवेदक होते.

घरच्या आखणीसाठी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. आरंभीचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा असून त्यात सात गाणी कोणत्याही क्रमाने लावली जात आणि त्यांचा क्रम ओळखून पाठवणाऱ्या श्रोत्यांना शंभर रुपयांचे बक्षीस असे. निवेदकालाच क्रमवारी जाहीर करायला लावणारा एक तासाचा, सोळा गाण्यांचा कार्यक्रम १९५४च्या अखेरीस आला. याचा अर्थ असा, की आपल्याला दोन नमुने उपलब्ध आहेत. बैठकीत दहा-बारा माणसे असतील आणि वेळ थोडा असेल, तर सात गाण्यांचा पहिला नमुना उत्तम. प्रत्येकाच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि क्रम लिहायला सांगावे. मोठ्या समारंभाला सोळा पायऱ्यांचा नमुना शोभतो.

वर्ष आणि यादी

सर्व वर्षांतील उत्तमोत्तम गाणी एकत्र करण्याचा मोह टाळावा आणि एकच वर्ष निवडावे. ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे, त्यांच्या वयाच्या चौदा ते बावीस या काळातील एखादे वर्ष, शक्यतो मॅट्रिकचे किंवा पहिल्या नोकरीचे, घ्यावे. वर्ष आधी सांगू नये, पण गाण्यांवरून ते ओळखता आले पाहिजे.

यादीसाठी पहिला शोध घरातच घ्यावा. पुष्कळ श्रोते दर बुधवारी वहीत क्रम उतरवून घेत असत. माझ्या आईची अशी एक दोनशे पानी वही आहे. तारीख, सोळा आकडे, गाण्याचे पहिले दोन शब्द, आणि वर चढलेल्या किंवा खाली उतरलेल्या गाण्यापुढे बाणाची खूण. वीज गेलेल्या बुधवारी पान कोरे ठेवून त्यावर “ऐकता आले नाही” एवढेच लिहिलेले आहे. असा कागद हाती लागला, तर छापील यादीपेक्षा तोच प्रमाण मानावा, कारण त्या संध्याकाळी त्या घरात जे ऐकले गेले ते त्यात आहे. वही नसेल, तर डिसेंबरच्या अखेरीस होणाऱ्या वार्षिक गीतमालेच्या याद्यांचा आधार घ्यावा; त्या अनेक संग्राहकांनी जपल्या आहेत. मात्र दोन-तीन याद्या ताडून पाहाव्यात, कारण नकलांच्या नकला होताना क्रमांक इकडचे तिकडे होतात. शिवाय डिसेंबरात प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचे गाणे पुढच्या वर्षाच्या यादीत सापडणे स्वाभाविक आहे. ती चूक समजून दुरुस्त करू नये.

यादी पाहून आश्चर्य वाटले, तरी ती आपल्या आवडीप्रमाणे बदलू नये. १९५७ साली मोठमोठे चित्रपट गाजत असताना वर्षाचे पहिले स्थान ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक चित्रपटातील, एस. एन. त्रिपाठी यांनी संगीत दिलेल्या ‘ज़रा सामने तो आओ छलिये’ या गाण्याने पटकावले होते. आजच्या श्रोत्याला हे खरे वाटत नाही, आणि नेमक्या अशाच ठिकाणी बैठकीत जीव येतो.

गाण्याची कोणती आवृत्ती घ्यावी, याकडेही लक्ष हवे. रेडिओवर वाजत असे ती तबकडीवरची आवृत्ती. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे चित्रपटात असलेले एखादे कडवे तबकडीवर नसे. चित्रपटातून उचललेला आवाज घेतला, तर जाणकाराच्या कानाला ते लगेच खटकते. पुढील काळात जादा तालवाद्यांचा ठेका घालून काढलेल्या ‘झंकार’ आवृत्त्या तर पूर्णपणे टाळाव्यात.

जुन्या कॅसेट असतील तर

रेडिओवरून घरी ध्वनिमुद्रित केलेली गीतमाला एखाद्या पेटीत सापडणे हे भाग्यच आहे, आणि हाताळणीतील घाईने ते गमावणारेही पुष्कळ आहेत. आमच्याकडची एक कॅसेट आम्ही स्वच्छतेसाठी बाहेर दिली होती. ती परत आली तेव्हा फीत दोन ठिकाणी ताणलेली होती आणि तेथे गाणे आजही ओढल्यासारखे वाजते. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो, आणि तसेच करण्याची विनंती करतो.

प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही लहान पापुद्रे मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. मग खिडकीतून फीत पाहावी. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे फितीच्या गुंडाळीवर पांढरट बुरशी धरते. ती दिसली, तर कॅसेट वाजवू नये, कारण बुरशी यंत्रात पसरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फीत निरोगी असेल, तर ती एकदा संपूर्ण पुढे आणि एकदा संपूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. नव्वद मिनिटांपेक्षा लांब कॅसेटची फीत फार पातळ असते. तिला वेगाने गुंडाळण्याऐवजी नेहमीच्या गतीनेच वाजू द्यावे. टेपरेकॉर्डरचे हेड आणि रबरी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसावेत आणि ते वाळेपर्यंत थांबावे.

संगणकाला जोडताना टेपरेकॉर्डरचा ‘लाइन आउट’ संगणकाच्या ‘लाइन इन’ला जोडावा, माइकच्या खाचेत जोडला, तर आवाज फाटतो. मुद्रण ‘वेव्ह’ स्वरूपात, शक्य असल्यास २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर करावे. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. कॅसेट ज्या यंत्रावर भरली तेच यंत्र अजून चालत असेल, तर तेच वापरावे, कारण हेडचा कोन यंत्रागणिक किंचित वेगळा असतो आणि तो जुळला नाही, तर आवाज घोगरा येतो.

खरखर काढण्याबद्दल माझे मत ठाम आहे: ती फार काढू नये. फितीची एकसारखी सळसळ सॉफ्टवेअरला ओळखता येते आणि ती थोडी कमी केल्यास हरकत नाही. लघुलहरींचा आवाज मात्र वेगळ्या कारणाने वर-खाली होतो. कोलंबो ते मुंबई हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर आहे; लहरी वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरांवरून परावर्तित होऊन, वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींत मिसळत, आणि त्यामुळे आवाज दूर जाऊन पुन्हा जवळ येई. ही लाट सॉफ्टवेअरने सपाट करू गेल्यास निवेदकाचे शब्द चिरकतात. त्या काळच्या श्रोत्याने तर ती लाट गाण्याचाच भाग म्हणून ऐकलेली असते. मूळ प्रत मुळीच न बदलता दोन ठिकाणी जपावी आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

कॅसेटचा काळ ठरवायला कार्यक्रमाचे नाव उपयोगी पडते. ‘बिनाका’ऐवजी ‘सिबाका’ हे नाव ऐकू आले, तर मुद्रण नंतरच्या काळातील आहे; विविध भारतीची उद्घोषणा ऐकू आली, तर ते १९८९ किंवा त्यानंतरचे. अशी मुद्रणे तयार गाण्यांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट जोडावीत, पण ती खऱ्या वर्षाबाहेरची असतील, तर तसे निवेदनात सांगावे.

तासाची आखणी आणि निवेदन

सोळा गाणी प्रत्येकी साडेतीन मिनिटे धरली, तर नुसत्या गाण्यांनाच छप्पन्न मिनिटे लागतात. म्हणून सगळी गाणी पूर्ण लावता येत नाहीत, आणि तसा हट्टही धरू नये. खालच्या पायऱ्यांवरील गाण्यांचा मुखडा आणि एक कडवे पुरते. गाणे मध्येच न तोडता कडव्याच्या शेवटी हळूहळू आवाज उतरवावा. वरची तीन गाणी मात्र पूर्ण वाजलीच पाहिजेत. पाचव्या पायरीनंतर अर्धा मिनिट थांबून आतापर्यंतचा क्रम पुन्हा वाचून दाखवावा. वहीत लिहून घेणाऱ्यांची ती सोय होती आणि राहिलेल्या गाण्यांविषयीची चर्चाही तेथेच पेट घेते.

निवेदन करणाऱ्याने अमीन सयानी यांची नक्कल करू नये. त्यांची भाषा घडली ती त्यांच्या आई कुलसुम सयानी यांच्या ‘रहबर’ या पाक्षिकाच्या कामात. नवसाक्षरांना कळेल अशी सोपी हिंदुस्थानी हे त्या पाक्षिकाचे ब्रीद होते. ‘बहनो और भाइयो’ म्हणताना ते बहिणींना आधी हाक मारत, आणि क्रमांकाला ‘पायदान’ म्हणत. पायदान म्हणजे पायरी. हा शब्द मराठीत आयताच उपलब्ध आहे. आपल्या घरी आपण ताई, वहिनी, मामा, काका अशी नावे घेऊनच बोलावे, आणि प्रत्येक गाण्याआधी तीन-चार वाक्यांपेक्षा अधिक बोलू नये. त्यांतील एक वाक्य गाण्याविषयी, एक त्या वर्षाविषयी आणि एक समोर बसलेल्या एखाद्या माणसाविषयी असावे: हे गाणे लागले तेव्हा आत्या कोणत्या वाड्यात राहत होत्या, रेडिओ कोणाच्या घरी होता, इराण्याच्या हॉटेलाबाहेर उभे राहून ते कोणी ऐकले. ही माहिती आठवडाभर आधी फोन करून गुपचूप मिळवावी. गाण्याचे नाव निवेदनात सांगू नये. वाद्यमेळाचे पहिले सूर ऐकून ते लोकांनीच ओळखावे.

श्रोता संघाची मते

जुन्या वर्षाच्या यादीखेरीज घरची स्वतःची क्रमवारी करायची असल्यास गावोगावच्या श्रोता संघांची पद्धत वापरावी. गीतमालेची क्रमवारी आरंभी तबकड्यांच्या विक्रीवर आणि पत्रांवर बसवली जाई. पण दुकानातील तबकड्या संपल्या, की लोकप्रिय गाण्याची विक्रीच कमी दिसे, आणि पत्रे तर कोणीही गठ्ठ्याने पाठवू शके. म्हणून पुढे श्रोता संघांच्या मतांना महत्त्व आले. आपल्याकडे पुण्याचे घर एक संघ, नागपूरचे दुसरा, अमेरिकेतील भाचरांचा तिसरा, असे धरावे. प्रत्येक संघाने आपसांत चर्चा करून दहा गाण्यांची एकच क्रमवार यादी पाठवावी. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असे उतरत जावे. गुण समान झाल्यास ज्या गाण्याला अधिक संघांनी पहिले ठेवले ते वर. बेरीज एकाच व्यक्तीने करावी आणि निकाल तिच्याखेरीज कोणालाही, निवेदकालासुद्धा, शेवटच्या क्षणापर्यंत कळू नये; निवेदकाच्या हाती एकेक बंद पाकीट द्यावे.

हा सर्व कार्यक्रम घरापुरता ठेवावा. त्याचे मुद्रण सार्वजनिक ठिकाणी टाकायचे असल्यास ध्वनिमुद्रणाच्या हक्कांबरोबरच गीतकार आणि संगीतकार यांच्या हक्कांचाही प्रश्न येतो, आणि शब्द व संगीत यांवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात.

दिवस बुधवारच निवडावा आणि घड्याळात आठ वाजताच आरंभ करावा, पाहुणे यायचे राहिले असले तरी. पहिल्या पायरीचे गाणे संपले, की लगेच दिवे लावू नयेत आणि पुढची गाणीही लावू नयेत. वही असेल तर ती ज्येष्ठ व्यक्तीच्या हाती द्यावी, पेन द्यावे, आणि नव्या पानावर तारीख घालून त्यांनाच सोळा ओळी लिहू द्याव्यात.