अँटीऑक्सिडंट जीवनसत्त्वे ताटातून कशी मिळवावीत

पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही सुटतात. यांतल्या फ्री रॅडिकल्समध्ये एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो, म्हणून ते शेजारच्या रेणूकडून तो ओढून घेतात. या ओढाताणीत पेशीच्या पटलातली मेदाम्ले, प्रथिने, कधी डीएनएसुद्धा बिघडतो. हे रेणू वाढले आणि ते आवरायची शरीराची ताकद अपुरी पडली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. त्यांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटीऑक्सिडंट; ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे आणि बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते) ही त्यांतली.

मात्र पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात ते असलेच रेणू वापरून, आणि व्यायामानंतर स्नायूंना सुधारण्याचा इशाराही काही प्रमाणात त्यांच्याकडूनच मिळतो. तेव्हा त्यांचा समूळ नायनाट करायचा नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

१. आधी गळती थांबवा

तंबाखूचा धूर हा फ्री रॅडिकल्सचा मोठा स्रोत. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार ‘क’ जीवनसत्त्व पुरुषांना दिवसाला ९० मिलिग्रॅम आणि स्त्रियांना ७५ मिलिग्रॅम लागते. धूम्रपान करणाऱ्यांना त्यावर आणखी ३५ मिलिग्रॅम. सिगारेट चालू ठेवून फळे वाढवणे हा उलटा हिशेब आहे.

२. ‘क’ जीवनसत्त्व रोज घ्या, आणि स्वयंपाकात जपा

हे पाण्यात विरघळते आणि शरीर त्याचा मोठा साठा करत नाही. म्हणून रविवारी भरपूर फळे आणि इतर दिवशी काहीच नाही, असे चालत नाही. १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम मिळते, तेवढ्याच लाल ढोबळी मिरचीत सव्वाशेच्या आसपास आणि पेरूत त्याहूनही बरेच जास्त.

बरेच नुकसान होते ते ओट्यावर. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. चिरून पाण्यात भिजत ठेवली की जीवनसत्त्व पाण्यात उतरते. भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा वाफवणे किंवा झटपट परतणे चांगले. उकळलीच, तर ते पाणी सार किंवा सूपात वापरावे. चिरलेले फळ हवेत फार वेळ ठेवू नये.

३. ‘ई’ आणि बीटा कॅरोटीनला स्निग्धाची जोड द्या

हे दोन्ही मेदात विरघळतात. गाजर, रताळे, लाल भोपळा आणि गडद हिरव्या पालेभाज्यांतले बीटा कॅरोटीन थोड्या तेलाबरोबर जास्त शोषले जाते. येथे ‘क’च्या उलट गंमत आहे: गाजर शिजवल्याने पेशींच्या भिंती सैल होतात आणि कच्च्यापेक्षा जास्त बीटा कॅरोटीन अंगी लागते. म्हणून ‘कच्चे तेच पौष्टिक’ हा सरसकट नियम मी तरी मानत नाही. ताटात थोडे कच्चे, थोडे शिजवलेले असावे.

‘ई’ जीवनसत्त्व पेशीच्या पटलात बसून तिथली मेदाम्ले सांभाळते. मोठ्या माणसाला ते दिवसाला १५ मिलिग्रॅम पुरते. मूठभर, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास बदाम किंवा सूर्यफुलाच्या बियांतून साधारण ७ मिलिग्रॅम मिळते. रॅडिकल आवरताना ‘ई’ स्वतः निकामी होते आणि ‘क’ त्याला पुन्हा कामाला लावू शकते. एकच जीवनसत्त्व गोळीतून वाढवण्याला मर्यादा येतात त्या अशाने.

४. खनिजे विसरू नका

फ्री रॅडिकल्स आवरणारी शरीराची स्वतःची यंत्रणा एन्झाइमांवर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवर, चालते आणि त्यांना सेलेनियम, जस्त, तांबे, मँगनीज लागते. डाळी, अख्खी धान्ये, सुका मेवा, अंडी, मासे यांतून ते मिळते.

५. गोळी घेण्याआधी हे वाचा

फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत बीटा कॅरोटीन आणि ‘अ’ जीवनसत्त्व एकत्र देणारी चाचणी १९९६ मध्ये याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. नंतर रोज ४०० युनिट (गोळ्यांवर लिहिलेले ‘आययू’ हे माप) ‘ई’ घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त दिसला. ताटातल्या भाजीने असे केल्याचे कुठे दिसलेले नाही.

‘क’चा एकदम एक ग्रॅमहून मोठा डोस घेतला, तर निम्म्याहून कमीच शोषला जातो. उरलेल्याने जुलाब होऊ शकतात. ज्यांना मूतखड्याची प्रवृत्ती आहे त्यांनी अधिकच जपावे.

अपवाद आहेत. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाच्या) झिजेत ठराविक टप्प्यावर डोळ्यांचे डॉक्टर ‘क’, ‘ई’ आणि जस्त असलेले मिश्रण देतात आणि त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. तिथेही बीटा कॅरोटीनची जागा आता ल्युटीन आणि झिआझँथिन या त्याच्याच जातीच्या रंगद्रव्यांनी घेतली आहे. सिद्ध झालेली कमतरता हाही गोळीचा रास्त प्रसंग.

६. वेष्टनावरच्या आकड्यांना भुलू नका

‘ओआरएसी’ नावाचा आकडा पदार्थाची परीक्षानळीतली अँटीऑक्सिडंट ताकद मोजतो. पोटात गेल्यावर काय होते ते तो सांगत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ मध्ये आपली ओआरएसी यादी मागे घेतली, तरी जाहिरातीत तो आकडा अजून भेटतो.

गोळ्या आधीपासून चालू असतील, तर डॉक्टरांना मात्रेसकट सांगा. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर ‘ई’चा मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो, आणि ‘क’च्या फार मोठ्या डोसाने काही ग्लुकोमीटर साखर चुकीची दाखवतात.