वॉटर-बेस्ड कोटिंगवर गरम कपाचा डाग उमटतो? या चुका टाळा

टेबलावरचा गरम चहाचा कप उचलला आणि खाली पांढरे वर्तुळ राहिले, की दोष रेझिनला, म्हणजे कोटिंगचा थर बनवणाऱ्या पॉलिमरला, दिला जातो. मग आणखी कडक रेझिन मागवले जाते आणि पुढच्या पॅनेलवर तेच वर्तुळ अधिक ठळक दिसते. लाकडावरच्या वॉटर-बेस्ड कोटिंगमध्ये रेझिनवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. फिल्म, म्हणजे वाळलेला सलग थर, खरोखर तयार झाली आहे का, हे आधी तपासा.

सॉल्व्हंटच्या पॉलिशमध्ये रेझिन विरघळलेले असते. पाण्यात ते बहुधा १०० नॅनोमीटरच्या आसपासच्या कणांच्या रूपात तरंगते. पाणी उडते, कण एकमेकांना भिडून चेपतात आणि शेवटी एका कणातल्या पॉलिमरच्या साखळ्या शेजारच्या कणात शिरतात. हा शेवटचा टप्पा अर्धवट राहिला तरी फिल्म डोळ्यांना स्वच्छ आणि चकचकीत दिसू शकते. पण कणांच्या सीमा तशाच राहतात आणि सर्फॅक्टंट (कण पाण्यात तरंगत ठेवणारे साबणासारखे द्रव्य) व क्षार तिथेच साठतात. कपाखालची वाफ त्याच वाटेने आत शिरते, आत पाण्याचे सूक्ष्म कप्पे होतात आणि प्रकाश विखुरल्यामुळे डाग पांढरा दिसतो.

म्हणूनच नुसते कडक रेझिन घेतल्याने हानी होते. टीजी, म्हणजे काच-संक्रमण तापमान (ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखा कडक राहतो), ६० अंशांच्या आसपास असलेले अ‍ॅक्रिलिक २५ अंशांच्या खोलीत आपोआप जुळत नाही. त्याला कोअलेसिंग एजंट, म्हणजे कण तात्पुरते मऊ करून जुळवणारा सावकाश उडणारा द्रव, लागतो. तो कमी पडला तर फिल्म तडकते, जास्त झाला तर आठवडे आत राहून तिला मऊ ठेवतो. रेझिनच्या घन भागावर ४, ६, ८ आणि १० टक्के एजंट अशी चार पॅनेल करा, आणि ती एसी लॅबमध्ये न वाळवता, माल जिथे लागणार त्या हवेत वाळवा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पाणी रेंगाळते, पण एजंट उडतच राहतो. कण चेपायची वेळ येते तेव्हा तो शिल्लकच नसतो. अशा वेळी बुटाइल ग्लायकॉल या एजंटपेक्षा सावकाश उडणारा डीपीएनबी (डायप्रॉपिलीन ग्लायकॉल एन-बुटाइल ईथर) बरा.

दुसरी मोठी चूक चाचणीच्या वेळेची. दुसऱ्या दिवशीच गरम भांडे ठेवून चांगले फॉर्म्युलेशन नापास केले जाते. उलट, पॅनेल ओव्हनमध्ये ५० अंशांवर ठेवून पास केले जाते आणि ग्राहकाच्या घरी सुतार ते साध्या हवेत वाळवतो. किमान सात दिवस खोलीच्या तापमानाला ठेवा, मग निकाल द्या.

क्रॉसलिंकिंगबद्दल, म्हणजे साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधण्याबद्दल, सविस्तर लिहायला हवे, कारण इथे 'जास्त म्हणजे चांगले' हा समज फार महागात पडतो. कणातल्या साखळ्या शेजारी शिरण्याआधीच आतल्या आत बांधल्या गेल्या, तर प्रत्येक कण एक कडक गोळी होतो आणि सीमा कायमच्या राहतात. कीटो-हायड्राझाइड ही क्रॉसलिंकिंगची पद्धत या बाबतीत समजूतदार आहे: पाणी आणि अमोनिया उडून पीएच उतरला की तिचा वेग वाढतो, त्यामुळे कणांना जुळायला अवधी मिळतो.

दोन घटकांच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेनमध्ये) हार्डनर, म्हणजे आयसोसायनेट असलेला दुसरा घटक, बुटाइल ग्लायकॉलने पातळ करू नका. त्यातला हायड्रॉक्सिल गट आयसोसायनेट खाऊन टाकतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल डायअ‍ॅसिटेट वापरा. थोडे आयसोसायनेट पाण्याशीही खर्च होते, म्हणून रेझिनमधल्या हायड्रॉक्सिलच्या एक भागाला ते दीड भाग ठेवण्याची पद्धत आहे. हार्डनर काठीने ढवळून मिसळत नाही, थेंब राहतात आणि फिल्म धुरकट होते. शिवाय पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर माल वापरण्याची मुदत, संपली तरी अनेकदा माल घट्ट होत नाही. डब्यात तो पातळच दिसतो, फिल्ममधली ताकद मात्र गेलेली असते. म्हणून डब्यावर मिसळल्याची वेळ लिहा आणि मुदत संपली की माल वापरू नका. मिश्रणाचा डबा घट्ट बंदही करू नका: पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेतून कार्बन डायऑक्साइड निघतो, डबा फुगतो.

लिंबू किंवा व्हिनेगरचा डाग पडला तर फिलर, म्हणजे कोटिंगमध्ये घातलेली खनिज भुकटी, बघा. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, मग रेझिन कितीही चांगले असो. बराइट्स (बेरियम सल्फेटचे खनिज) किंवा टाल्क घ्या. अमोनिया किंवा धुण्याच्या सोड्याने फिल्म फुगत असेल तर रेझिनमधले कार्बॉक्सिल (आम्लधर्मी) गट मोकळे आहेत. कार्बोडायइमाइड क्रॉसलिंकर ते बांधून टाकतो. सेल्युलोजचा थिकनर (कोटिंग दाट करणारा घटक) पाणी ओढतो, त्याऐवजी रेझिनच्या कणांना चिकटून दाटपणा देणारा असोसिएटिव्ह थिकनर वापरून पाहा.

काचेवर पास झालेली कोटिंग व्हीनियरवर (प्लायवरच्या लाकडाच्या पातळ थरावर) नापास होते तेव्हा बहुतेक वेळा खालचा मऊ सीलर, म्हणजे लाकडावर लावलेला पहिला थर, गरम भांड्याखाली दबलेला असतो. म्हणून पूर्ण सिस्टिम त्याच प्लायवर तपासा. ओल्या उष्णतेसाठी ईएन १२७२१ आणि कोरड्या उष्णतेसाठी ईएन १२७२२ या युरोपीय मानकांच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. एक पास झाली म्हणून दुसरी गृहीत धरू नका. थंड द्रवांसाठी ईएन १२७२० आहे आणि त्यात ५ गुण म्हणजे कसलाच बदल नाही. या युरोपीय चाचणीत कॉफी, रेड वाइन चालते, पण आपल्या ओट्यावर हळदीचे गरम तेल सांडते. हळदीतले पिवळे रंगद्रव्य कर्क्युमिन तेलात विरघळून मऊ फिल्ममध्ये शिरते, आणि वर साबण लागला की डाग लालसर होतो. तेव्हा हळद-तेलाची चाचणी स्वतःहून जोडा, पण डाग मोजेपर्यंत पॅनेल उन्हात ठेवू नका. कर्क्युमिन उजेडात फिके पडते आणि नापास पॅनेल पास वाटते.